स्कार्फमधली पोरगी

“सर, झेनियाचं गाणं पाहून पोरी बिघडतात म्हणता, तर मंग तुम्ही ते किती वेळा पाह्यलं?”

अक्षताच्या तोंडून प्रश्न सुटला आणि शाळेच्या पत्र्याच्या शेडात बसलेल्या अडीचशे पोरा-पोरींच्या माना एकदम तिच्याकडं वळल्या. मग असा हशा फुटला की आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर पळाली.

पैज प्रीतीनं लावली होती. ‘मोबाईल आणि संस्कार’ या विषयावर बोलायला शहरातून आलेले पाहुणे पाऊण तास एकाच गाण्याला चिकटून बसले होते. सहा महिन्यांपूर्वी या झेनियाला कुत्रं ओळखत नव्हतं, आणि आता वडीगोद्रीतल्या रिक्षात, लग्नात, दाढीच्या दुकानात तीच कोकलत होती. पाहुण्यांना तिचं सगळं तोंडपाठ. ती जॅकेट कधी भिरकावते, कपडे किती आखूड, कोणत्या ओळीला ओठ चावते. प्रीती कानाशी लागली, “तूच म्हणती ना, आता कोणाला भेत न्हाई? मंग विचार की. एक प्लेट भेळ माह्याकडून.”

विचारलं.

पाहुण्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला. खेळाचे सर मधल्या रांगेतून चपला वाजवत आले, अक्षताची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिला तशीच ओढत व्हरांड्यात नेलं. लाकडी फूटपट्टी तळव्यांवर, मग उलट्या हातावर, मग पोटऱ्यांवर. पट्टी मधोमध मोडली तेव्हा कुठं ते थांबले.

नळावर साक्षीनं तिच्या हातांवर पाणी सोडलं. साक्षी समोरच्या घरातली, बालवाडीपासूनची जोडीदारीण. तळवे टम्म फुगून पुरीसारखे झाले होते.

“येडी हाय का तू? काय गरज होती?”

“पण तोंड पाह्यलं का त्याचं?” अक्षता दात काढून हसत होती. “पट्टी मोडली, साक्षे. मी न्हाई मोडले.”

असं बोलणारी ही पोरगी नऊ वर्षं हजेरीला ‘हजर’ म्हणताना बाकाखाली जाऊन बसायची, हे कुणाला सांगून पटलं नसतं. तिला वाचा फुटली ती तीन आठवड्यांपूर्वी. चार मैत्रिणींनी मिळून अंबडच्या बाजारातून झेनियासारखं चंदेरी जॅकेट आणलं होतं, आणि ते आळीपाळीनं जिच्या-तिच्या दप्तरात राहायचं. अक्षताची पाळी आली तेव्हा ती आणि साक्षी मोसंबीच्या बागेमागं, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपाशी गेल्या. तोंडाला स्कार्फ बांधला. तो तर इकडं सगळ्याच पोरी बांधतात. उन्हाला, धुळीला आणि गावाच्या डोळ्याला. अक्षताच्या सँडलचा पट्टा तुटलेला, म्हणून तिनं साक्षीची पिवळी सँडल घातली. साक्षी खड्यांत अनवाणी उभी राहून मोबाईल धरून होती.

झेनियाची ती स्टेप सगळ्या देशाला माहीत होती. कमरेला एक झटका, गिरकी, आणि थेट कॅमेऱ्याच्या तोंडावर लाथ. अक्षतानं अशी लाथ मारली की साक्षी दचकून मागं सरली आणि रील हललं. खोट्या नावानं टाकलं, आणि तेच गाजलं. चाळीस हजार लोकांनी पाह्यलं! चाळीस हजार! अख्खी वडीगोद्री दोन-तीनदा भरली असती.

त्याखाली घाणेरड्या कमेंटही आल्या. इतकी घाण की वाचताना कान तापायचे. ती त्या पुसायची, दोन पुसल्या की पाच नव्या. हे तिनं साक्षीलाही सांगितलं नव्हतं. आणि झेनियासारखी कंबर व्हावी म्हणून संध्याकाळची भाकर ती दोन महिने मागच्या दारच्या कुत्र्याला घालत होती, हेही नाही. कुत्रं मात्र मस्त गुबगुबीत झालं होतं.

पट्टी मोडली त्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी हायवेवर आल्या तर साक्षीच्या भावाच्या, अंगदच्या, पंक्चरच्या दुकानाचं शटर खाली.

“आज काऊन बंद?” साक्षी म्हणाली. “चालू टायमाला?”

मागची विहीर ओळखून अंगदनं ते रील दुपारीच गावच्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं होतं. वर आगीची चित्रं, खाली स्वतःच्या हातानं लिहिलेलं: ‘आपल्या गावात झेनिया पैदा झाली रे, कोणाचा माल हाय हा?’ पोरांनी तासभर चघळलं. मग कुणीतरी रील थांबवून पायाचा फोटो काढला आणि टाकला: ‘अंगदभाऊ, ही पिवळी सँडल तुमच्याच दारात दिसते की.’ त्यानंतर ग्रुपवर नुसते दात. हे सगळं अक्षताला प्रीतीकडून कळलं, पण दुसऱ्या दिवशी.

त्या संध्याकाळी तिला कळला तो फक्त आवाज.

जुन्या ट्यूबची रबरी पट्टी पाठीवर पडते तेव्हा चाबकासारखी वाजत नाही. ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा आवाज येतो. अक्षता गल्ली ओलांडून धावली. दार अर्धं उघडं. साक्षी चुलीच्या कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून, अंगद वर, आणि तिची आई उषाबाई त्याचा शर्ट ओढत, “आरं मरंल ती, मरंल!” त्यानं कोपर मागं हाणलं, बाई भिंतीवर जाऊन आदळली.

“कोण होतं संगं? मोबाईल कोण धरला? बोल! गावानं माह्या तोंडात शेण घातलं आज!”

साक्षीनं गुडघे आणखी घट्ट धरले. त्यानं तिचा मोबाईल पाट्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. काचा उडून तिच्याच केसांत गेल्या. पुन्हा विचारलं. तिनं डोकं वर केलं, दारातली अक्षता तिला दिसली. साक्षीनं मान हलवली. एवढीशी. ‘नको.’

मग अंगदनं तोच वरवंटा तिच्या उजव्या हातावर आणला. कापसाची वाळकी पऱ्हाटी मोडावी तसं काहीतरी कडकन वाजलं.

अक्षता पळाली. चाळीस हजार लोकांना लाथ मारून दाखवणारी अक्षता पळाली, घरात शिरली, गोधडी डोक्यावर ओढून पडली. आईनं विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय.

साक्षी शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर. चौथ्या दिवशी शाळा सुटताना प्रीती म्हणाली, “नाव काढून टाकायचं म्हणून राह्यले तिचं. मंठ्याचं स्थळ आणलंय. रविवारी पाहुणे येणार.”

“हात मोडलाय तिचा!”

“डाव्या हातानं पोहे देता येतात, म्हणला म्हणं अंगद.”

प्रीती हसली नाही. अक्षतानं दप्तर तिच्या मांडीवर टाकलं आणि ती चालू लागली.

अंगदच्या दुकानात झेनियाच वाजत होती. हवेच्या टाकीवर झेनियाचा पुरुषभर उंच फोटो, जॅकेटसकट. अंगद टायरवर वाकलेला.

“अंगदभाऊ, गाणं बंद कर.”

“काऊन गं? तुला चावलं का?”

“त्या रीलमधी साक्षी न्हाई. मी हाय. सँडल तेवढी तिची.”

त्यानं मान वर केली आणि हसला. टपरीवर चहा पिणारी दोन-चार माणसंही हसली. “तू? आगं, तुह्या तोंडून तुहं नाव निघत न्हाई. मैत्रिणीला वाचवायला आली व्हय? जा घरी.”

तिनं दुसरं काही केलं नाही. भर हायवेवर, ट्रकवाल्यांसमोर, कमरेला झटका दिला, गिरकी घेतली आणि लाथ मारली. लाथ बसली ट्यूब बुडवायच्या टबाला. काळं पाणी अंगदच्या तोंडावर उडालं. टपरीवरच्या एकाच्या नाकातून चहा आला.

पहिली थप्पड तिला दिसलीच नाही. ती चाकाच्या लोखंडी रिंगवर पडली, भुवई फाटली, एक डोळा रक्तानं बंद झाला. दुसऱ्या डोळ्यानं तिला टपरीवरची माणसं दिसली. कुणी उठलं नव्हतं. तिघांनी मोबाईल काढले होते. अंगदनं वेणी धरून तिला उभं केलं, कानशिलात मारली, पुन्हा मारली. “नाचती? नाच! नाच आता!”

तिच्या हाताला जमिनीवर टॉमी लागली, टायर उचकटायची लोखंडी कांब. तिनं ती आडवी फिरवली. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. अंगद “माय गंऽ” करत खाली गेला. दुसरा घाव स्पीकरवर. गाणं चिरकलं आणि मेलं. तिसरा तिनं त्याच्या डोक्यासाठी उचलला. खरंच उचलला होता. तो हात आडवा धरून “न्हाई, न्हाई” करत होता, आणि त्याचं ते भ्यालेलं तोंड पाहून तिला बरं वाटत होतं. खूप बरं.

“अक्षता! टाक ते!”

मनगट धरलं होतं विज्ञानाच्या बेबीनंदा मॅडमनी. त्या थांब्यावर अंबडच्या एसटीची वाट पाहत उभ्या होत्या, तिथून धावत आल्या. अंगद पुन्हा अंगावर आला, तेव्हा मॅडमनी स्टीलचा डबा असलेली पर्स गरकन फिरवून त्याच्या तोंडावर हाणली. मोबाईलवाल्यांकडं वळून म्हणाल्या, “काढा, चांगलं काढा. ठाण्यात दाखवायला लागंल.” मोबाईल पटापट खिशात गेले.

टॉमी खाली पडली. अक्षतानं गटारीवर वाकून सकाळचं सगळं ओकून टाकलं. मार लागला म्हणून नाही. मघाचं ते बरं वाटणं तिला आठवलं होतं.

दवाखान्यात भुवईला चार टाके पडले. मॅडम तिचा हात धरून बसल्या. “काल साक्षीकडं गेल्ते मी. आई म्हणती जिन्यावरून पडली. त्या घराला जिना तरी हाय का? पोरगी तोंड उघडत न्हाई. मारताना कोणी पाह्यलं न्हाई, तर मी एकटी जाऊन काय सांगू?”

डॉक्टर दोरा कापत होते. अक्षता म्हणाली, “मी पाह्यलं.”

घरी पोहोचली तेव्हा ऊन अंगणात होतं आणि बातमी तिच्या आधी येऊन बसली होती. कौसल्यानं, तिच्या आईनं, पट्टी पाहून हंबरडा फोडला आणि त्याच दमात पाठीत धपाटा घातला. “त्या नटवीनं नासवली माही पोर! उघडीनागडी नाचती भवानी, आन् तिच्या पायी माह्या लेकराचं डोकं फुटलं!”

वडील, कडूबा, ओट्यावर होते. मोसंबीच्या गाड्या भरून आल्यावर ते बोलत नसत. आज उभे होते. “रीलमधी तू होती?”

“व्हय अण्णा.”

हात वर गेला. अक्षता हलली नाही, एका डोळ्यानं त्यांच्याकडं पाहत राहिली. हात वरच राहिला.

“मारायचं तर मारा. पण आधी ऐका. आई, तू म्हणती ते थोडं खरं हाय. तिच्यासारखी कंबर व्हावी म्हणून म्या दोन महिने तुह्या हातची भाकर कुत्र्याला घातली. लोकं मला काय काय घाण लिहीत होते, आन् तरी मी रोज उघडून पाहत होते, किती झाले, किती झाले. ते झेनियामुळं. आन् माह्यामुळं. पण वरवंटा तिनं न्हाई उचलला. अंगदभाऊ रोज तिचंच गाणं ऐकतो, तिचाच फोटो लावतो. त्यानंच ते रील गावभर फिरवलं, मज्जा मारली, आन् सँडल घरातली निघाली तवा बहिणीचा हात मोडला. मी दारात उभी होते, आई. साक्षीनं माहं नाव घेतलं असतं तर तिचा हात वाचला असता. तिनं घेतलं न्हाई. मी पळाले.”

कौसल्या पदर तोंडात धरून खाली बसली. समोरच्या घराचं दार बंद होतं.

“समोरासमोरचं घर हाय,” कडूबा हळू म्हणाले. “त्याच्या बापाचा आन् माहा एका ताटातला घास. गाव काय म्हणंल? तुहं नाव एकदा कागदावर चढलं तर पुन्हा पुसत न्हाई, अक्षा.”

“म्हणूनच चढवायचं, अण्णा. रविवारी पाहुणे येऊन राह्यले, त्याच्या आधी. उद्या नऊ वाजता बेबीनंदा मॅडमसंगं मी ठाण्यात जाणार. रीलमधी मी होते, हे सांगणार. अंगदभाऊला टॉमी मीच मारली, तेबी सांगणार. आन् साक्षीचा हात कोणी मोडला, ते म्या डोळ्यानं पाह्यलं, ते सगळ्यात आधी सांगणार. तुम्ही संगं आले तर लई बरं होईल. न्हाई आले तरी मी जाणार हाय.”