सिस्टर हॉब्लीच्या वॉर्डात धूळ नव्हती

नोरीनला जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि मी अजून वकिलांच्या फोनला उत्तरं देत बसलो होतो. माणूस गेलं की एकदाचं रडून मोकळं व्हावं. पण तिचा दावा तिच्यामागे माझ्या नावावर चालू राहिला, आणि दावा चालू असला की बायको धड मरतही नाही. सारखं कुणीतरी तिच्या फुफ्फुसांची चौकशी करायचं. सांगून सांगून माझ्या तोंडाची चव गेली होती.

लग्नाआधी नोरीन आमच्या गावच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिथल्या वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचा लेप होता. त्याची धूळ तिच्या छातीत गेली, अर्धं आयुष्य गप्प बसली आणि म्हातारपणी कॅन्सर होऊन उठली, हे आमचं म्हणणं. हॉस्पिटलच्या वकिलांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणत, ती धूळ तिच्या नवऱ्यानं घरी आणली.

नवरा म्हणजे मी, क्लॅरी टिंडल. जन्मभर या गावात पत्रं वाटली, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण लग्न झालं त्या उन्हाळ्यात घरामागे एक खोली वाढवली होती. भिंतींना फायब्रोचे पत्रे, ॲस्बेस्टॉस घातलेले. तेव्हा अर्धा ऑस्ट्रेलिया त्याच पत्र्यांवर उभा होता. मी हातकरवतीनं कापले आणि नोरीननं दुसरं टोक धरलं. संध्याकाळी दोघंही पांढरेफटक झालो होतो. माझ्या नाकावर फुंकर मारून ती म्हणाली, "अगदी लग्नाचा केक दिसतोयस!" तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की मी ताट बाजूला सारतो.

भरपाईचं मला काही पडलं नव्हतं. बायकोला मी मारलं नाही, एवढं कुणीतरी शपथेवर सांगावं, बस.

"क्लॅरी, हॉस्पिटलात धूळ पाहिलेलं एक जिवंत माणूस आणून दे मला," आमची वकील एफी म्हणाली होती. "एकच पुरे. मरणाआधी नोरीननं सांगितलंय खरं, पण तिच्या जोडीला कुणीतरी हवं." शोधायला मी कमी केलं नाही. बॉयलर बघणारा माणूस कधीच गेला होता. नोरीनच्या बरोबरच्या मुली कुणी देवाघरी, कुणी परदेशी, तर एकीला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. राहिली फक्त सिस्टर हॉब्ली. नोरीनच्या वॉर्डची मुख्य तीच होती. आणि तिला समोरच्या बाजूनं आधीच गाठलं होतं. तिनं त्यांना ठणकावून सांगितलं होतं, माझ्या वॉर्डात धूळ नव्हती.

सिस्टरनं नव्वदी ओलांडली होती. तिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून कोर्टच तिच्याकडे आलं. सिडनीहून न्यायाधीशबाई आल्या आणि वृद्धाश्रमाच्या जेवणघरात सॉसच्या बाटल्या बाजूला सारून साक्ष सुरू झाली. भाजलेल्या मटणाचा वास सुटला होता. जाळीच्या दारावर माश्या घोंगावत होत्या.

सिस्टरला चाकाच्या खुर्चीतून आणलं. पाठ अजून ताठ. मला बघून ती थांबली.

"टिंडल. तू काही वाढला नाहीस."

"नाही, सिस्टर."

"नर्सेसच्या फाटकाशी घुटमळायचास तेव्हाही एवढाच होतास. ती ताडासारखी आणि तू हा असा. मी म्हटलं होतं तिला, याच्याशी लग्न केलंस तर जन्मभर वाकून बोलावं लागेल."

"वाकली हो बिचारी," मी म्हणालो.

तिनं टेबलावरून एक बोट फिरवलं, डोळ्यांशी नेलं आणि तिथल्या मुलीला विचारलं, "हे पुसलं म्हणतेस तू?" ती पोर लाजेनं लाल झाली.

हॉस्पिटलच्या वकिलानं फार वेळ घेतला नाही. चकचकीत बुटांचा, गोड बोलणारा गडी. "सिस्टर, तुमच्या वॉर्डात कधी धूळ दिसायची का?"

"माझ्या वॉर्डात?" सिस्टरनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "कधीच नाही."

तो खूश होऊन खाली बसला. झालं, संपलं, आता मरेपर्यंत ती करवत माझ्याच हातात, असं मला वाटलं.

एफी उठली. मला वाटलं, ही आता म्हातारीशी भांडणार. पण तिनं खुर्ची सिस्टरच्या जवळ ओढली आणि कौतुकानं विचारलं, "कसं जमवायचात हो? बाहेर सगळं माळरान. उन्हाळ्यात लाल मातीची वादळं यायची म्हणे."

सिस्टर खुलली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नसावं. "खिडक्यांना ओल्या चादरी. खाटांची चाकंसुद्धा रोज पुसायची. आणि सगळ्यात आधी पाइप."

"पाइप?"

"छताखालून गेलेले. त्यांच्यावरून पांढरी भुकटी गळायची, चाळणीतून पीठ गळावं तशी. खाली आजारी माणसं झोपलेली! डॉक्टर फेरीला यायच्या आत सगळे पाइप ब्रशनं झाडून झालेच पाहिजेत, हा माझा नियम."

"ओल्या फडक्यानं पुसायचे?"

"वेडी की काय? गरम पाइप ते, ओलं लावलं की डाग पडतात. कोरडा ब्रश."

"आणि हे काम कुणाकडे असायचं?"

"ह्याच्या बायकोकडे," सिस्टरनं माझ्याकडे बोट केलं. "तेव्हा ती नोरीन फिनुकेन. बाकीच्या पोरी शिडी आणण्यात निम्मी सकाळ घालवायच्या. हिला शिडी लागायचीच नाही. चवड्यांवर उभी राहिली की हात पोचला. म्हणून रोज तिलाच लावायची मी. चार वर्षं, एकदाही कुरकुर नाही. डोकं पांढरं करून यायची, मग मी तिला अंगणात जाऊन झटकून यायला लावायची. तेव्हा धूळबिळ काही नव्हती हो माझ्याकडे. राहूच द्यायची नाही मी."

चकचकीत बुटांच्या गड्याचं लिहिणं थांबलं होतं. न्यायाधीशबाईंनी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, पाणी हवंय का?"

सिस्टरनं त्यांच्याकडे बघितलं, मग एफीकडे, मग माझ्याकडे. नातेवाइकांना वाईट बातमी सांगण्यात तिचा जन्म गेला होता. असे चेहरे तिला वाचता येत होते. तिचं बोट पुन्हा टेबलावरून फिरत होतं, ते थांबलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला हलकं वाटलं. मी नव्हतो! इकडे माझी एका दुपारची करवत आणि तिकडे तो चार वर्षांचा रोजचा ब्रश, लहान पोरालाही कळेल कुठलं पारडं जड ते. लगेच चवड्यांवर उभी असलेली नोरीन डोळ्यांपुढे आली. मी तिच्या उंचीवरच भाळलो होतो. लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे.

बाहेर एफीनं माझा दंड दाबला. "सुटलास, क्लॅरी. आता तेच तडजोडीला येतील."

मी मान हलवली आणि विसरलेली टोपी आणायला आत गेलो.

सिस्टरला खिडकीपाशी नेऊन बसवलं होतं. पुढ्यात चहा तसाच.

"टिंडल."

"काय, सिस्टर?"

"ती शेवटी फार हाल काढून गेली का?"

"हो."

खिडकीकडे बघतच ती म्हणाली, "माझ्या पाइपांनी गेली का रे?"

कुणीतरी हे आपल्या पदरात घ्यावं म्हणून मी दोन वर्षं वाट बघितली होती. म्हातारीला काय काय ऐकवायचं, तेही मनात घोकून ठेवलं होतं. पण माझ्यात तेवढा राग शिल्लकच नव्हता. आणि हे ओझं घेऊन रोज झोपेतून उठणं काय असतं, ते मला ठाऊक होतं.

"नाही, सिस्टर," मी म्हणालो. "माझ्या करवतीनं. घरी फायब्रो कापला मी. तिनं दुसरं टोक धरलं होतं."

एफीनं ऐकलं असतं तर तिथंच डोकं आपटून घेतलं असतं.

सिस्टर माझ्याकडे वळली. "पत्रे भिजवून कापायचे होतेस."

"सुचलं नाही."

"पुरुषांना कसलं सुचतंय." तिनं बशी उचलली. "तरी मी म्हणतच होते. माझ्या वॉर्डात धूळ नव्हती."

"नव्हती, सिस्टर."

कप बशीवर वाजत राहिला. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिचा चहा संपेपर्यंत बशीचं दुसरं टोक धरून ठेवलं.