एस्तेरबाईंचा सोऱ्या

माळ्यावरचा नाताळच्या गव्हाणीचा खोका उघडला आणि एस्तेरबाई मटकन स्टुलावर बसल्या. ईस्टरची साफसफाई चालली होती. पुठ्ठ्याच्या मेंढरांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, त्यांचाच पितळी चकलीचा सोऱ्या निघाला. नाताळचं सामान आवरताना त्यांनीच तो इथे कोंबला होता.

जानेवारीत हाच सोऱ्या सापडेना, तेव्हा बाई मिरजेच्या चाळीत भर नळावर गरजल्या होत्या, "न्हेलेली वस्तू परत द्यायला दानत लागती!" शेवटचा नेला होता शेजारच्या ताहेराभाबीने, लेक अल्फियाच्या साखरपुड्याच्या चकल्यांसाठी. "दिला की गं आक्का, तुज्याच हातात," एवढंच म्हणून ती कळशी उचलून गेली. तीस वर्षांचं बोलणं त्या दिवशी बंद झालं.

त्याहून वाईट पुढेच होतं. चर्चच्या महिला मंडळात एस्तेरबाईंनी उभं राहून, डोळे मिटून, ताहेराला क्षमा केली होती. चांगली मोठ्याने. पाळकांच्या बायकोने आमेनही म्हटलं होतं. आता त्या क्षमेचं करायचं काय?

प्रसूतीच्या वॉर्डात आया म्हणून जन्म काढलेली बाई. माखलेल्या चादरी नाक न मुरडता धुतल्या, कळा देणाऱ्या पोरींना धीर दिला. त्यात आपण काही विशेष करतोय असं कधी वाटलं नाही. 'चुकलं माझं' एवढं एक वाक्य मात्र तोंडातून निघेना. सोऱ्या परत मेंढरांखाली ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? पण उद्या प्रभुभोजनाचा रविवार. भाकर घ्यायची ती कुठल्या तोंडाने? आणि ताहेराला आपण फुकट गमावलं, या विचाराने त्यांना रडूच फुटलं.

घरात गाठून हळूच सांगता आलं असतं. पण आळ नळावर घेतला होता. पाणी सुटलं तशा त्या कळशीऐवजी सोऱ्याच घेऊन नळावर गेल्या. ताहेरासकट साऱ्या बायका तिथे जमल्या होत्या.

"ताहेराभाबी, सोऱ्या माझ्याच घरात व्हता. मीच ठिवला अन् मीच इसरले. तुज्यावर खोटा आळ घेतला. माफ कर मला."

नळाखालची कळशी भरून वाहू लागली तरी कुणी हलेना.

"आवं, मग इतके दिस तुमी..." पलीकडच्या घरातली अंबूबाई म्हणाली.

"व्हय. चुकलं माझं."

ताहेरा तडक घरात गेली. संपलं सगळं, असं एस्तेरबाईंना वाटलं. ती परत आली ती नवाकोरा स्टीलचा सोऱ्या घेऊन.

"ह्यो बघ. घ्यावा लागला. आता मागायला यायची गरज न्हाई."

एस्तेरबाईंनी मान खाली घातली. बरोबरच होतं तिचं.

"चोर म्हनलीस मला, आक्का. तीन म्हयनं घशाखाली घास उतरंना."

"व्हय गं."

ताहेराने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आन हिकडं. ह्या नव्याच्या चकलीला काटाच येत न्हाई. परवा अल्फियाच्या सासरची मानसं येत्यात." मग सोऱ्या उलटासुलटा करून म्हणाली, "काळा किती केलाईस!"

"दे, घासून देते," एस्तेरबाई म्हणाल्या. छातीवरचा दगड उतरला होता. ताहेरानेच चिंचेचा गोळा आणून दिला आणि सगळ्या चाळीदेखत बाई नळाखाली सोऱ्या घासत बसल्या.

महिला मंडळात उभं राहून सांगायचं अजून बाकी होतं. तेही त्या करणार होत्या. रविवारी प्रभुभोजनाची भाकर तळहातावर आली, तेव्हा बोटांना अजून चिंचेचा वास येत होता.