चौदा उभे, एक बसला

पुस्तक आलं तेव्हा रोलांदच्या हातात गोलरक्षकाचा पात्याचा बूट होता आणि धार लावायचं चाक फिरत होतं. संघ चालवणाऱ्या देझिएलसाहेबांच्या हपिसातल्या मुलीने ते फळीवर ठेवलं, म्हणाली, "तुमची प्रत, मादाम. पान एकेचाळीस बघा, तुमचे बाबा आहेत!" आणि टाचा वाजवत जिना चढून गेली.

जाड, गुळगुळीत पुस्तक. वर सोनेरी कुऱ्हाड. 'कुऱ्हाडींची पन्नास वर्षं, १९४९ ते १९९९'. कुऱ्हाडी म्हणजे ला-मेलेझचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. गिरणीच्या पगारावर खेळणारा, पोटासाठी खेळणारा. गावात पोर जन्मलं की त्याच्या पाळण्याला आधी लाकडाची एवढीशी कुऱ्हाड टांगतात, क्रूस मागाहून.

रोलांदने बूट पुरा केला. पात्यावर आडवं नाणं ठेवून दोन्ही कडा सारख्या आहेत का ते पाहिलं, मग हात पुसले आणि पान एकेचाळीस उघडलं.

'१६ फेब्रुवारी १९५८. अविस्मरणीय विजय, चार विरुद्ध दोन. सामन्याआधीच्या सरावात कप्तान रेआल लाकुर्सिएर यांच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्यांची झळाळती कारकीर्द संपली. तरी संघावरच्या प्रेमापोटी त्यांनी पुढली सव्वीस वर्षं बुटांना धार लावून सेवा केली.'

तिने दोनदा वाचलं नाही. एकदाच पुरलं. आधी कानशिलं तापली, मग मान, मग हात. बापाने शिकवलं होतं, राग आला की चाकाजवळ जायचं नाही, रागाची धार वाकडी येते. तिने बटण बंद केलं. चाक गुरगुरत गुरगुरत थांबलं. ती तशी थांबेना.

लेखकाचं नाव तिला ठाऊकच होतं. ओव्हिला थिफो. बापाचा दोस्त, तिचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. त्या दिवशी बापाच्या सात नंबरच्या शेजारी अकरा नंबर घालून उभा असलेला.

तिने खुंटीवरचे बापाचे बूट काढले, पुस्तक काखेत मारलं आणि बर्फ तुडवत ओव्हिलाच्या घरी गेली.

ओव्हिला वाटाण्याच्या सुपात पाव बुडवत होता. सहासष्ट वर्षांचा, एक खुबा बदललेला, दुसरा बदलायला आलेला.

"ये पोरी! वाचलंस? रडलीस ना? मीपण लिहिताना—"

रोलांदने बूट मेजावर आपटले. सूप सांडलं.

"गुडघा कुठला, काका?"

"अगं, बस तर खरी."

"मी बसणार नाही. बसणारा आमच्या घरात एक होऊन गेला. गुडघा कुठला? उजवा की डावा? एवढं जाड पुस्तक लिहिलंत, हे राहिलं लिहायचं."

ओव्हिलाने पाव खाली ठेवला.

"हे बघा." तिने दोन्ही बूट उलटे धरले. "हे घालून बाबा मरेपर्यंत दर रविवारी गोठलेल्या नदीवर जायचे. ही पाती बघा. बोटभर होती, नखभर उरलीत. दोन्ही सारखी. ज्याचा गुडघा दुखतो तो त्या पायावर भार टाकत नाही, त्याचं एक पातं कमी झिजतं. आंधळ्यालासुद्धा अंगठा फिरवून कळेल. फिरवा अंगठा!"

"रोलांद—"

"फिरवा!"

त्याने फिरवला नाही.

तर झालं होतं ते असं. अठ्ठावन्न साली, भर थंडीत, कागदगिरणीचा संप अकराव्या आठवड्यात होता. फाटकावर रात्रंदिवस पहारा, पाळीपाळीने, शेकोटीभोवती. आणि गिरणीच्या मालकांनी काय करावं? सामना जाहीर केला. रविवारी दुपारी, वरच्या गावच्या संघाशी, सगळ्यांना फुकट. संपाच्या दिवसात खेळ नव्हता, गाव खेळाला भुकेलेलं. फाटकावर चार म्हातारे ठेवून सगळं गाव बर्फाच्या रिंकवर. कपडे बदलण्याच्या खोलीत रेआलला गिरणीच्या एका वाहनचालकाने कानात सांगितलं, खेळ सुरू झाला की मागल्या फाटकाने संप मोडायला बाहेरची माणसं आत घालणार, सहा गाड्या. रेआलने खोलीत सगळ्यांना सांगितलं. सगळे बुटांच्या नाड्या आवळत राहिले. मग तो संघाच्या पुढे बर्फावर उतरला, घसरत मधोमध गेला, पंच खेळाची चकती टाकणार तिथे, आणि खाली बसला. काठी मांडीवर आडवी. ओरडला, "फाटकावर जा! खेळ नाही, फाटकावर जा!"

संघातले चौदा जण उभेच राहिले. रिंकच्या चौघा पहारेकऱ्यांनी त्याला उचलून नेलं. चकती पडली.

आणि गाव? इथेच तर गोम आहे. थोडे उठले. बाकीचे म्हणाले, जाऊ की, पहिला डाव तर होऊ दे. पहिला झाला, बरोबरी. बरोबरीत कोण उठतं? दुसरा झाला. जगात दुसरं कुठलंही गाव उठलं असतं. ला-मेलेझचं उठलं नाही, कारण समोर कुऱ्हाडी खेळत होत्या. चार-दोनने जिंकून, गाणी म्हणत बाहेर आले, तेव्हा गिरणीच्या धुराड्यातून धूर निघत होता.

पुस्तकात कोणी लिहिलं नाही, पण पोरींनी दोरीवरच्या उड्यांत धरून ठेवलं:

*बसला गं बसला, बर्फावर बसला,*
*चौदा उभे राहिले, एकटाच बसला.*
*मागल्या गं फाटकानं गाड्या गेल्या भरून,*
*आमचा मेला खेळ काही होईना गं सरून.*

रोलांद त्याच गाण्यावर उड्या मारत मोठी झाली. कोणी तिला उडी चुकवायला लावली नाही, आणि गाणंही कोणी तिच्यासमोर थांबवलं नाही.

"उद्या तुम्ही भाषण वाचणार," ती ओव्हिलाला म्हणाली. "बाबांचा सात नंबर मानाने रिंकच्या छताला चढणार, दोरी मी ओढायची, बरोबर? मला एकच ओळ पाहिजे. 'रेआल बसला होता.' गिरणी नको, मालक नको, काही नको. तेवढंच."

"देझिएल नाही म्हणाला. सणाचा दिवस आहे म्हणाला."

"देझिएल त्या साली जन्मला नव्हता. तुम्ही का नाही म्हणता ते सांगा."

ओव्हिलाने चमचा उचलला, ठेवला. सुपावर साय धरत होती.

"तो बसला असं लिहिलं की पुढची ओळ लिहावी लागते, पोरी," तो शेवटी म्हणाला. "आम्ही उभे होतो. माझी नातवंडं पुस्तक वाचणार आहेत. आणि आम्हीच काय? सगळं गाव होतं. कोणाला वाचायचंय ते? गुडघा बरा आहे. गुडघ्यात कोणाचा दोष नसतो."

"माझ्या बापाला लंगडा केलात," रोलांद म्हणाली, "तुम्हाला सरळ उभं राहता यावं म्हणून."

तिने बूट उचलले. दाराशी थांबली. "आणि सूप गरम करून घ्या. थंड खायची सवय लागलीय तुम्हाला."

रात्री ती जागीच होती. ओव्हिलावर राग, देझिएलवर राग, त्या गुळगुळीत कागदावर राग. तो कागदही गिरणीचाच. पण खाली, तळाशी, आणखी एक राग होता आणि तो कोणाला सांगायचा? त्या दिवशी ती नऊ वर्षांची होती, आईच्या, जर्मेनच्या मांडीला चिकटून पहिल्या रांगेत. बाप बसला तेव्हा ती रडून म्हणाली होती, "आई, बाबांना उठायला सांग ना! खेळ सुरू होऊ दे!" आईने तिला दंडाला धरून फरफटत फाटकावर नेलं होतं. साठेक बायका आणि पोरं. गाड्या त्यांच्या अंगावर चिखलबर्फ उडवत आत गेल्या. आणि रोलांद त्या वेळीसुद्धा मागे वळून रिंककडे बघत होती, कोणी गोल केला म्हणून.

बापाने तिला कधी बोल लावला नाही. गिरणीने त्याला काढलं, संघाने रिंकच्या बर्फावर पाऊल ठेवायला बंदी केली. मग पाद्रीबुवांनी धार लावायला रिंकच्या जिन्याखालची खोपटी दिली. रिंक चर्चच्या जागेवर होता, तिथे गिरणीचं चालत नव्हतं. बंदी बर्फावर होती, जिन्याखाली नव्हती. आणि तेच चौदा जण एकेक करून खाली यायचे, मान खाली घालून, बूट पुढे करून. सगळ्या दरीत अशी धार लावणारा दुसरा नव्हता.

"बाबा, एकदा तरी बोथट करून द्या की!" ती म्हणायची.

"पातं खेळाडूचं नसतं, रोलांद, पायाचं असतं. पायाने काय केलं?"

ती मात्र बापासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिंक काठोकाठ भरला. चीज आणि गरम रस्सा घातलेल्या बटाट्याच्या कापांचा वास, ओल्या लोकरीचा वास. दोन्ही संघ निळ्या रेषांवर ओळीने उभे. बर्फावर लाल गालिचा, त्यावर देझिएल, ओव्हिला आणि रोलांद. दोरी छतावरच्या कप्पीतून खाली आलेली, दुसऱ्या टोकाला भलं मोठं हिरवं कापड, त्यावर सात.

"ओढा, मादाम, हळूहळू," देझिएल ओठ न हलवता म्हणाला. "भाषणाबरोबर वर गेलं पाहिजे."

ओव्हिला वाचू लागला. ती ओढू लागली. १९४९, पहिला चषक, कप्तान रेआल. कापड उठलं, फुगलं. टाळ्या. तिने ओव्हिलाच्या तोंडाकडे पाहिलं. अजून वेळ होता. म्हातारा एका वाक्यावर अडखळला, घसा खाकरला, आणि तिला वाटलं, आता.

"...दुर्दैवाने, गुडघ्याच्या दुखापतीमुळे..."

रोलांदने दोरी सोडली.

कापड सपकन खाली आलं आणि बर्फावर पसरलं. लोक हसले, त्यांना वाटलं हातातून निसटली. ती गालिच्यावरून उतरली, साध्या बुटांनी घसरत सांभाळत मधोमध गेली, चकती टाकतात त्या निळ्या ठिपक्यावर, आणि बसली. स्कर्टमधून गारवा हाडाला भिडला. बापाने किती काही सांगितलं होतं, बर्फ एवढा गार असतो हे कधी सांगितलं नव्हतं.

हसणं थांबलं. कोणीतरी पुटपुटलं, "रेआलची मुलगी."

दोन पहारेकरी धावत आले. दोघंही तिच्याकडून धार लावून घेणारे.

"उठा, मादाम रोलांद, प्लीज."

"माझ्या बापाला चौघं लागले होते. तुम्ही दोघंच? जा, आणखी दोन घेऊन या."

देझिएल गालिच्याच्या काठावर उभा राहून ओरडला, "अहो बाई, वीस मिनिटं उशीर झालाय! खेळ सुरू करायचाय!"

"मग पाटीवर लावा, खेळ अडला म्हणून. हेही पुस्तकात गुडघाच लिहाल. लिहा! माझे दोन्ही धड आहेत, बघून घ्या!"

वरून, कुठल्या तरी रांगेतून, एक आवाज आला, "उठवा हो तिला! खेळ होऊ द्या!" आणि त्यामागून दुसरा, तिसरा. रोलांदने डोळे मिटले. तोच आवाज. एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा, तिचा स्वतःचा, नऊ वर्षांच्या पोरीचा. तिला त्या पोरीच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली, आणि कुशीत घ्यावीशीही.

मग काठीचा टकटक आवाज आला. ओव्हिला येत होता. गालिचा सोडून, बर्फावरून, खुबा ओढत, एका हातात माइक. दोनदा पडता पडता वाचला. कुऱ्हाडींच्या कप्तानाने आधाराला हात पुढे केला, तो त्याने झिडकारला.

तो तिच्यापाशी पोचला. श्वास माइकमधून साऱ्या रिंकभर ऐकू येत होता.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "रेआल बसला होता. इथे. फाटकावर जा म्हणाला. मी त्याच्या डाव्या हाताला होतो. उभा." थांबला. "दुसरा गोल माझा होता. पुस्तकात तो आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. कोणीतरी शीळ घातली. वरच्या रांगेतला एक म्हातारा टोपी घालून दाराकडे चालू लागला. लाजेने की रागाने, कळलं नाही.

ओव्हिलाने माइक खाली टाकला आणि बसायला वाकला. वाकता येईना. एक पाय मुडपला, दुसरा ताठ राहिला, मध्येच लोंबकळला.

"बसायचं तर नीट बसा," रोलांद म्हणाली. "अर्धवट पुष्कळ झालं."

तो धपकन पडला. कळवळला.

"गार आहे गं," तो म्हणाला.

"आहेच. एक्केचाळीस वर्षांपासून आहे."

"मला माफ—"

"ते मला नका विचारू. चौदांतले बारा गेले वर, मॉरिस पक्षाघातात पडलाय. तिकडे गेल्यावर बाबांना विचारा."

दक्षिणेकडच्या स्टँडात, जिथे गिरणीवाल्यांच्या म्हाताऱ्या बसतात, तिथे कोणीतरी पायांनी फळीवर ताल धरला. उड्यांचा ताल. एकीने, मग दहाजणींनी, कापऱ्या आवाजात:

*बसला गं बसला, बर्फावर बसला...*

दुसऱ्या ओळीपाशी त्या अडल्या. रोलांदने ऐकलं. चौदा म्हणावं की तेरा, ते त्यांचं ठरत नव्हतं. काहीजणी चौदा म्हणाल्या, काहीजणी तेरा, आणि ताल पुढे गेला.

तिचा राग उतरला नव्हता. उतरणारही नव्हता, तो तिचा वारसा होता. पण म्हाताऱ्याचे दात वाजत होते. तिने हात लांब करून बर्फावर पडलेलं हिरवं कापड ओढलं. देझिएल किंचाळला, "अहो, ते संघाचं आहे!" तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सात नंबरची घडी घातली, एक टोक स्वतःखाली घेतलं आणि दुसरं ओव्हिलाकडे सरकवलं.

"घ्या खाली," ती म्हणाली. "नाहीतर कंबर धरेल. आपल्याला वेळ लागणार आहे."