पोपटी रंगाचा पोचा

भूमितीच्या मास्तरांनी रविवारी सकाळी गाडीच्या दरवाजाचा पोचा आतून ठोकायला घेतला. पोचा होता वाटीएवढा. चहाची वेळ होईपर्यंत परातीएवढा झाला. पत्रा इकडे दाबला, की तिकडे टुणकन वर यायचा.

"गॅरेजला का देत नाहीस?" खुर्ची टाकून बसलेल्या आईने विचारलं.

"घरी होतं की. व्हिडिओ पाहिलाय मी."

"त्या व्हिडिओवाल्याची गाडी चालते का अजून?"

मास्तर ठोकत राहिले. गॅरेजवाला पहिलाच प्रश्न विचारणार होता, कुठे घासली? आणि घासली होती मास्तरांनी, शाळेच्या पोपटी फाटकाला. बायकोला मात्र वाटत होतं, आपल्याच हातून कुठेतरी लागली. मास्तरांनी तिला तसं वाटू दिलं. तिने किल्ली खिळ्याला अडकवली आणि दवाखान्यात कामाला बसने जाऊ लागली.

शेजारचे काका थबकले. "काय मास्तर, वहिनींचा प्रताप? बायकांनी रिव्हर्स स्वयंपाकघरातच घ्यावा!"

मास्तर हसले. वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. तिने हातातल्या टॉवेलला चिमटा लावला आणि आत गेली.

"नाकाला रंग लागलाय तुझ्या," आई म्हणाली. "पोपटी. तुमच्या शाळेचं फाटक पाहिलंय मी."

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. "मी तिला दोष दिला नाही गं. काही बोललोच नाही."

"तेच म्हणतेय मी. गाडी कुणाचीही घासते. पण तू तिला गाडी सोडायला लावलीस, आणि वर त्या माणसाबरोबर हसलास."

मास्तर वर गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. बायकोने ऐकून घेतलं.

"म्हणजे मी ठोकली नव्हती?"

"नाही."

"मग मी रोज बसमध्ये लोंबकळत का गेले?"

मास्तरांनी खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं.

तिने किल्ली काढली आणि मास्तरांना शेजारी बसवून गाडी सुरू केली. घराच्या फाटकाशी काका होतेच. "वहिनी चालवणार? बाजूला व्हा रे!"

मास्तरांनी काच खाली केली. "काका, गाडी मी ठोकली. तिच्या नावावर खपवली, आणि तुमच्याबरोबर हसलो. लाज वाटते मला."

काकांना एकदम कुठेतरी जायचं आठवलं.

गॅरेजवाल्याने दरवाजा न्याहाळला. "घासलेलं कळतंय. पण हे बाकीचं कुणी केलं?"

बायकोने मास्तरांकडे पाहिलं.

"तेही मीच," मास्तर म्हणाले.

मंडळी, गाडीला पोचा दिसला की आपण न विचारताच बाईकडे बोट दाखवतो, आणि खरं ठाऊक असलेला पुरुष खुशाल हसतो. पत्रा गॅरेजला द्यावा. चूक कबूल करायचं काम मात्र घरचं आहे, ते बाहेर कुणी करून देत नाही.