पाळण्याची पहिली दोरी

चेतना रेणूच्या केसांना तेल लावत होती. "काकू, हळू ना," तीन वर्षांची रेणू कुरकुरली.

काकू! पोटच्या लेकीच्या तोंडचा तो शब्द चेतनाला रोज सकाळी नव्याने टोचायचा. दोनांहून अधिक लेकरं असली की निवडणुकीला उभं राहता येत नाही. आणि मुलाच्या आशेपायी झालेली ही तिसरीही मुलगीच. तेव्हा नवऱ्याने, उमरावने, बाळंतिणीच्या खाटेवरूनच तिला उचलून थोरल्या जावेच्या, अंजूच्या ओटीत घातलं. मेंबर, उपसरपंच, सरपंच अशा पायऱ्या चढलेला उमराव आता पंचायत समितीकडे डोळे लावून बसला होता.

"आज कीर्तनात ते पोरगी तुह्याजवळ दिसू नोको देऊ," इस्त्रीच्या सदऱ्याची बटणं लावत तो म्हणाला. "तिकीट देणारे येऊन राहिले."

"लेकरू हाये ते. खरकटं भांडं नाही, पाहुणे आले का लपवाले."

उमराव हसला. "पंचायत समितीत गेलो का तूच आरती करशीन माही."

बोदलकसा तलावाजवळच्या त्या गावात संध्याकाळी कृष्णजन्माचं कीर्तन रंगलं. यजमान अर्थातच उमराव. कीर्तनकार बकारामबुवांनी मृदंग थांबवून देवकीची कळ अशी सांगितली की आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले. उमरावनेही रुमाल काढला. ते पाहून चेतनाने मान फिरवली. देवकीने लेकरू दिलं, ते त्याचा जीव वाचावा म्हणून. इथे वाचवायची होती ती खुर्ची.

यजमानाच्या घरच्या बाईने पाळण्याची पहिली दोरी ओढायची, ही गावची रीत. उमरावने माईक घेतला. "मी दोन लेकींचा बाप. आमची लक्ष्मी पाळणा हालवीन."

चेतनाने दोरी हाती घेतली तोच रेणू धावत येऊन तिच्या पदराला बिलगली.

"अंजूवहिनी, सांभाळा आपली पोरगी," उमराव माईकवरूनच, अगदी गोड आवाजात म्हणाला.

चेतनाच्या हातून दोरी सुटली. तिने रेणूला कडेवर घेतलं.

"दोन नाही, बुवा. तीन. हे तिसरी, माह्या पोटची. देवापुढे खोट्या तोंडानं मी दोरी नाही ओढत."

पुढच्या रांगेतले तिकीट देणारे पाहुणे चपला शोधू लागले.

"पागल झालीस का? गेलं ना सारं," उमराव दात खाऊन पुटपुटला.

"जाऊ द्या. मले माही लेक पाहिजे."

बुवांनी तिच्यापुढे हात जोडले. चेतनाला मात्र आता रडू आवरेना. रेणू भेदरली. तिने त्या कडेवरूनच अंजूकडे दोन्ही हात पसरले.

"आई, काकू काऊन रडून राह्यली?"