नाखवा जेवत नाही

मित्रांनो, मी आता म्हातारा झालेला एक बोका आहे. रंगाने पिवळा, पोटाखाली पांढरा, आणि डाव्या कानाला एक खाच. ती खाच मुंबईच्या धक्क्यावरच्या एका घुशीने पाडली. त्या घुशीचं पुढे काय झालं ते मी सांगत नाही, कारण ऐकणाऱ्यांत लहान मुलंही असतील. थळच्या कोळीवाड्यात एका ओटीवर मी दिवसभर उन्हाला पडलेला असतो. येणारेजाणारे मला ओलांडून जातात. त्यांना वाटतं, या आळशी बोक्याला कसला इतिहास असणार.

माझा जन्म १९२४ सालचा, मांडव्याच्या बंदरावरचा. तांदळाच्या गोण्यांच्या फटीत आईने आम्हा चार भावंडांना जन्म दिला. मी दोन महिन्यांचा असताना एक उंच, काळाकभिन्न माणूस आला. त्याने मला मानगुटीला धरून उचललं, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, "हा चालंल." हे कोंडाजी तांडेल. ते पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, चालवत. गोण्यांना उंदरांनी भोकं पाडली होती आणि त्यांना माझ्यासारख्या कामगाराची गरज होती.

मी सात वर्षं त्या पडावावर नोकरी केली. श्रीवर्धनची सुपारी आणि मांडव्याचा तांदूळ आम्ही मुंबईला न्यायचो, येताना कौलं आणि साखर आणायचो. मी आल्यापासून एकही गोणी कुरतडली गेली नाही. खलाशी कौतुकाने जाळ्यातला पहिला मासा मला देत. मी नेहमी सुकाणूजवळच्या उबदार जागेवर झोपायचो आणि कोणी उठवलं तर फिस्कारायचो. म्हणून त्यांनी माझं नाव नाखवा, म्हणजे पडावाचा मालक, असं ठेवलं. खऱ्या मालकाला, म्हणजे तांडेलांनाही, त्या जागेवर बसायचं असलं, तर ते आधी माझ्याकडे बघायचे.

तांडेलांसारखा धाडसी माणूस मी पाहिलेला नाही. एकदा खांदेरीजवळ वादळात आमची डोलकाठी मोडून पडली. खलाशी देवाचं नाव घेऊ लागले. तांडेल मात्र पाण्याने निथळत, मला सदऱ्यात कोंबून, सुकाणू धरून उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरताव कशाला? नाखवा हाय ना संगती." त्यांच्या छातीवर कान ठेवून मी ऐकलं आहे. त्यांचं काळीज अगदी सावकाश चाललं होतं.

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. पडाव पुतण्याच्या हाती देऊन ते थळला घरी आले आणि मलाही घेऊन आले. त्यांची बायको आवडाबाई बाजारात मासळी विकायची. घरात बोका आलेला पाहून ती म्हणाली, "अवो, मासळीवालीच्या घरात बोका? तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना?" महिनाभर तिने माझ्यावर नजर ठेवली. दुसऱ्या महिन्यात ती मला मांदेल्या नीट करून घालू लागली. बायकांचं मन जिंकायला उंदीर मारावे लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. पायात घुटमळलं की पुरतं.

असे दिवस सुखात चालले असताना १९३३ सालच्या थंडीत माझ्या उजव्या बाजूचा वरचा दात दुखू लागला. पहिल्या दिवशी बोंबील चावताना कळ थेट कानात गेली. दुसऱ्या दिवशी नुसता वास आला तरी जबडा ठणकू लागला. मी खाणं सोडलं. आम्हा मुक्या प्राण्यांची हीच अडचण आहे. जेवलो नाही एवढंच घरच्यांना दिसतं. का, ते त्यांना दिसत नाही.

आवडाबाईला वाटलं, मासा आवडला नसेल. तिने कोळंबी दिली. मग करली दिली, काटे काढून. मग दूधभात दिला, त्यावर तूप घातलं. मी प्रत्येक ताटली हुंगायचो आणि तोंड फिरवायचो. शेवटी तिने भिंतीपलीकडच्या मनुबाईला बोलावलं. मनुबाई बघताक्षणी म्हणाली, "आवडाबाय, दिष्ट लागली याला. एवढा पिवळाधमक बोका, लोक बघतात ना." तिने माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराने मी शिंकलो, ठसकलो आणि माळ्यावर जाऊन बसलो. "उतरली," मनुबाई समाधानाने म्हणाली.

नाक्यावरचे दुकानदार जैनुद्दीनचाचाही आले. ते म्हणाले, "नजर नाय, काय नाय. याचा हाजमा बिघडलाय. बडीशेपचं पाणी पाजा." पाणी पाजताना मी आवडाबाईच्या हातावर तीन रेघा ओढल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तांडेलांनी आपलं ताट बाजूला सारलं.

"नाखवा जेवत न्हाय," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या घशाखाली घास उतरत न्हाय."

आवडाबाईचे डोळे भरून आले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कोळीवाडाभर झाली. माणसं ओटीवर येऊन बसू लागली. मनुबाईने सगळ्यांदेखत आपल्या नवऱ्याला, भिकूला, सुनावलं, "बघा जरा. मी तापाने फणफणले होते तवा तुमी दोन वाट्या कालवण जास्त वरपलात." जैनुद्दीनचाचांनी तांडेलांचा हात हातात घेतला. "मुक्या जनावरावर एवढा रहम मी पाहिला नाय," ते म्हणाले. "पण तांडेल, चार रोजांत लवंगा लय नेल्यात तुमी."

"चहात टाकतो," तांडेल घाईने म्हणाले.

मित्रांनो, तांडेल चहात लवंगा टाकत नव्हते. मला ते ठाऊक होतं, कारण मी त्यांच्या मांडीवर बसायचो. माझ्या तोंडाला जो वास येत होता तोच त्यांच्याही तोंडाला येत होता, वरून लवंगेचा. आवडाबाई बाजारात गेली की ते गरम फडका गालाला धरून बसायचे. गेले पंधरा दिवस ते भाकरी कालवणात बुडवून, न चावता गिळत होते. आता तेही जमेना, म्हणून त्यांनी माझ्या नावावर उपास धरला होता.

दात काढायला गावात अंबाजी होता. तो एरवी केस कापायचा आणि त्याच पेटीत एक चिमटा ठेवायचा. वादळात काळीज न हललेला माणूस त्या चिमट्याला भीत होता. आम्ही दोघेच घरात असताना ते मला म्हणालेसुद्धा, "नाखवा, तू एवढ्यात जेवू नकोस रे. तू जेवलास की मला पन जेवायला लागंल."

पण पाचव्या दिवशी सकाळी मी माळ्यावरून उतरायला गेलो आणि पडलो. उठून उभा राहिलो तर मागचे पाय लटपटले. माझ्या बरगड्या मोजता येत होत्या. आवडाबाईने मला पदरात घेतलं. तिने कापसाच्या बोळ्याने दूध ओठावर सोडलं, तेही मी घेतलं नाही. मान उजवीकडे कलती करून मी पंजाने गाल घासला, आणि तांडेल माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. त्यांचीही मान त्या वेळी तशीच, उजवीकडे कललेली होती. त्यांचाही हात गालावर होता.

मला काय झालंय ते त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. आणि ते बोलले तर पुढचा प्रश्न काय येईल, हेही त्यांना कळलं होतं.

"आवडे," ते शेवटी म्हणाले, "त्याचा दात बघ गो. उजवीकडचा, वरचा."

तिने माझं तोंड उघडलं. "अगो बाय. सगळी हिरडी सुजलीय याची." मग तिने मान वर केली. "तुमाला कसं समजलं?"

तांडेल उठले, दारातल्या उजेडात जाऊन खाली बसले आणि त्यांनी तोंड उघडलं.

आवडाबाईने आत पाहिलं. तिला आधी राग आला, मग रडू आलं, मग हसू आलं, आणि ही तिन्ही कामं उरकून तिने अंबाजीला बोलावणं धाडलं.

अंबाजीने पेटी उघडून विचारलं, "पहिला कोन?"

"तो," तांडेल म्हणाले. "त्याचे पाय लटपटायला लागलेत."

मला गोणपाटात गुंडाळलं. तांडेलांनी मला छातीशी धरलं. त्यांचं काळीज पडाव किनाऱ्याला आपटावा तसं धाडधाड आपटत होतं. माझा दात हलतच होता. अंबाजीने चिमटा लावला न लावला तोच तो बाहेर आला. मी अंबाजीच्या अंगठ्याचा चावा घेतला, पण त्यात मनापासून राग नव्हता.

तांडेलांचा दात मात्र मुळाशी घट्ट होता. आवडाबाईने त्यांचं डोकं धरलं, अंबाजीने त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला, आणि तांडेलांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या आळीतल्या कोंबड्या उडाल्या.

भिंतीपलीकडे मनुबाईने ती ऐकली. तिला वाटलं, नाखवा गेला आणि तांडेलांनी हंबरडा फोडला. तिने तिथूनच रडायला सुरुवात केली. ती आमच्या दारात पोचली तेव्हा तिच्यामागे अर्धी आळी होती. भिकूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. आत पाहतात तर मी पंजा चाटत बसलेला, आणि तांडेल तोंडात कापूस भरून भिंतीला टेकलेले.

"कोन गेला?" मनुबाईने विचारलं.

"दात," आवडाबाई म्हणाली. "दोन."

अंबाजीच्या पोटात काहीच राहत नाही. संध्याकाळपर्यंत तांडेलांचा रहम कसला होता ते गावाला कळलं. लोक पोट धरून हसले. भिकू तर खास त्यासाठी दोनदा येऊन गेला. जैनुद्दीनचाचा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "खोटं पंधरा दिवस बोलला, पन जनावराचा जीव जायची वेळ आली तवा आपन होऊन तोंड उघडलं. हाय का हसन्यासारखं?"

आवडाबाईने त्या संध्याकाळी मऊ पेज केली. त्यात मासा कुस्करून घातला, फुंकर घालून ती कोमट केली, आणि दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. पाच दिवसांनी माझ्या जिभेला चव लागली. मी वाटी चाटूनपुसून संपवली. मान वर केली तर तांडेलांचीही संपली होती. आवडाबाई चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिने वळून पुन्हा दोन्ही वाट्या भरल्या.

तर मित्रांनो, तुमच्या घरचं मांजर जेवेनासं झालं, तर त्याच्यापुढे नुसत्या ताटल्या बदलत बसू नका. त्याला उजेडात घ्या, हळूच तोंड उघडून बघा, पोटावरून हात फिरवा. ते ओरबाडेल, ते मनावर घेऊ नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून आम्ही मान वाकडी करून तुमच्या ओळखण्याची वाट बघतो. आणि त्याच वेळी घरातलं एखादं मोठं माणूस मांजराच्या काळजीने जेवत नाही असं म्हणू लागलं, तर त्यालाही उजेडात न्या.