त्याले मारू नको

देवचंद बोंडे जळगावच्या बुद्धिबळ स्पर्धेतून दोन डावांत बाहेर पडला, आणि दुसरा डाव तर तो धरणगावच्या जिनिंगमध्ये सरकी तोलणाऱ्या झिपरू नावाच्या माणसाकडून हरला. झिपरूला घोडा कसा धरायचा तेसुद्धा माहीत नव्हतं. चिमटीत मान पकडून तो उचलायचा, कोंबडी उचलावी तसा. डाव संपल्यावर त्याने दोन्ही हात जोडले आणि "सर, चूकभूल माफ करा" म्हणाला. देवचंदने त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलंसुद्धा नाही. पंचांना डोकं दुखतंय असं सांगून तो मंडपाबाहेर पडला.

धुळ्याला परत जायचं तर कॉलेजात सोमवारी सगळे विचारणार. सात वेळा जिल्ह्याचा विजेता, गणिताचा प्राध्यापक, स्टाफरूममध्ये इतरांचे डाव उभ्या उभ्या पाहून "हं" करणारा माणूस. त्याने कॉलेजला तीन दिवसांच्या रजेची तार केली आणि भुसावळची बस धरली. तिथून दीपनगर. दीपनगरच्या वसाहतीत त्याची थोरली बहीण रुक्माबाई राहायची. तिचा नवरा आधार पाटील वीजकेंद्रात टर्बाइनवर होता. ही माणसं बुद्धिबळाबद्दल काही विचारणार नाहीत, याची देवचंदला खात्री होती. त्यांच्याकडून त्याची तेवढीच अपेक्षा होती.

१९९६ सालचा जानेवारी. दुपारी दोनला तो क्वार्टरच्या दारात उभा राहिला, तेव्हा दार उघडंच होतं. आत रुक्माबाई जमिनीवर मांडी घालून, पदर कमरेला खोचून, टीव्हीसमोर बसली होती. तिच्या हातात वायर असलेली एक डबी होती आणि तिचा अंगठा त्या डबीवर टिकटिक चालत होता.

"अक्का?"

"ये रे देवा. बूट बाहेर काढ. एवढी पाळी होऊ दे, मंग च्या ठेवते."

एकावन्न वर्षांची बाई, चौथी पास, टीव्ही गेम खेळत होती. देवचंदला आधी हसू आलं. मग लाज वाटली, अर्थात तिची.

चहा पिता पिता सगळा खुलासा झाला. रुक्माबाईचा मुलगा लीलाधर पुण्याच्या कंपनीत इंजिनियर होता. कंपनीने त्याला आठ महिने जपानला शिकायला पाठवलं होतं. येताना त्याने तिकडून एक कॅसेट आणली, पुण्यात तिला चालणारं यंत्र घेतलं, आणि गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीत घरी आला तेव्हा आईला शिकवलं. मग तो पुण्याला गेला आणि यंत्र इथेच राहिलं.

"जपानात म्हणे अशा लोखंडी मानसांच्या लई मालिका असतात टीव्हीवर," रुक्माबाई सांगत होती. "डोंगरायेवढी मानसं. पोटात मानूस बसतो आन चालवतो. हरेक मालिकेचा वेगळा. या खेळात समदे एका जागी येतात आन मिळून लढतात. चौथा भाग निघाला म्हणे तिकडं. लोक वाट पाहतात."

"म्हणजे गल्लीगल्लीतल्या गणेश मंडळांचे राक्षस एकाच मांडवात," देवचंद म्हणाला. "आणि वर चार-चार भाग. एका भागात पोट भरलं नाही वाटतं त्यांचं."

"तसंच समज," रुक्माबाई म्हणाली आणि पडद्यावरची एकेक आकृती दाखवू लागली. कॅसेटमधलं एक अक्षरही तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने नावं स्वतःच ठेवली होती. डोक्यावर दोन शिंगं असलेला तो शिंगाड्या. छाती पुढे काढून उभा राहणारा नगारा. तीन विमानं जोडून होणारा तो तिजोड्या. आणि एक बुटकी, पिवळी, बाईच्या घडणीची, एका फटक्यात अर्धमेली होणारी, ती चिमणी.

देवचंदने पडदा नीट पाहिला आणि त्याला कळलं की ही काही उड्या मारायची भानगड नाही. चौकटी होत्या. आधी आपण सगळे मोहरे हलवायचे, मग समोरचा हलवणार. कोण किती घरं चालतो, कोणाचा मारा कुठपर्यंत पोचतो, हे सगळं ठरलेलं होतं. म्हणजे बुद्धिबळच, पण बुद्धी काढून घेतलेलं. पोरांसाठी आणि बायकांसाठी.

"किती डाव झालेत तुझे?"

"बावीस. तेविसावा चालू शे. सव्वा वर्ष झालं." आधारच्या घरची, धुळ्याकडची बोली मध्येच तिच्या तोंडी यायची.

"सव्वा वर्ष!" देवचंद म्हणाला. "मी दोन दिवसांत संपवून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्माबाईला शेजारच्या बेबाबाईबरोबर भुसावळच्या बाजारात जायचं होतं. जाताना तिने यंत्र लावून दिलं. "जुन्यावरच खेळ. आन डाव सरला का ते काहीतरी इचारतं, वरचं का खालचं. ते खालचं दाब. ध्यानात ठेवशीन ना?"

"हो हो," देवचंद म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. चौथी पास बाईकडून सूचना ऐकायची सवय त्याला नव्हती.

ती गेल्यावर त्याने तिचा तेविसावा डाव पाहिला आणि तोंड वाकडं केलं. कसेही पसरलेले मोहरे, शिंगाड्या एका कोपऱ्यात, नगारा दुसऱ्या, आणि चिमणी चक्क मध्यभागी, चारही बाजूंनी जपलेली. दुसऱ्याने नासवलेला डाव पुढे खेळायचा नाही, हा त्याचा नियम होता. त्याने पहिल्यापासून सुरू केलं. पहिला डाव पंचवीस मिनिटांत, दुसरा चाळीस. चिमणीला त्याने प्याद्यासारखं पुढे टाकलं, शत्रूने तिला फोडलं (फुटलेला मोहरा पुढच्या डावात परत उभा राहायचा), आणि तेवढ्या वेळात शिंगाड्याने मागून येऊन मैदान साफ केलं. यंत्राने काहीतरी विचारलं. वरचं की खालचं. देवचंदने वरचं दाबलं.

पाच वाजता रुक्माबाई आली. पिशव्या ठेवून ती टीव्हीपुढे आली, डबी हातात घेतली, आणि तिचा अंगठा थांबला.

"माहे बावीस डाव कुठी गेले?"

"कुठले?"

"देवा, तू वरचं दाबलं का रे?"

त्या कॅसेटमध्ये एकाच खेळाची नोंद राहायची, आणि वरचं दाबलं की नवी नोंद जुनीच्या जागी बसायची. देवचंदच्या दोन डावांनी तिचे बावीस पुसून टाकले होते.

रुक्माबाई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टीव्ही बंद केला, यंत्रावर फडकं झाकलं आणि तांदूळ निवडायला बसली. देवचंद म्हणाला, "खेळ आहे अक्का, खेळ. कुणाचं सोनं गेलं नाही." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. रात्रपाळीला जायच्या आधी आधार जेवायला बसला, त्याला बायकोने दोन शब्दांत काय घडलं ते सांगितलं. आधार हा हळू बोलणारा माणूस. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "लीलाधर दर आठवड्याला फोन करतो तेव्हा पहिलं हेच विचारतो. कितव्यावर आली, म्हणतो."

देवचंदला वाटलं, काय ही माणसं! एवढा मोठा कारखाना चालवतात, आणि मायलेकांना बोलायला हा विषय. त्याने भाजी परत वाढून घेतली. पण ती ताटात तशीच राहिली, हेही खरं.

सकाळी तो स्वतःहून म्हणाला, "मी आणून देतो तुला तिथपर्यंत. दोन दिवस राहतो."

"तू नको," रुक्माबाई म्हणाली.

"तुला सव्वा वर्ष लागलं. मला..."

"तू नको म्हणते ना."

पण कणीक भिजवायची होती, पाणी भरायचं होतं. तिने तिसरा डाव अर्ध्यावर ठेवला, तेव्हा देवचंदने डबी उचलली आणि तिने ती घेऊ दिली. तिसरा त्याने संपवला, चौथाही. या वेळी खालचं वरचं तिला विचारून दाबलं. आता सगळं पहिल्यापासूनच असल्यामुळे वरचंच दाबायचं होतं. विचारताना त्याने आवाज असा ठेवला की जणू तिचीच परीक्षा घेतोय.

पाचव्या डावात निळ्या आला.

उंच, सडपातळ, निळा. बाकीच्या शत्रूंच्या दुप्पट घरं चालणारा. पहिल्याच पाळीत त्याने तिजोड्याची अर्धी ताकद उडवली. देवचंद पहिल्यांदा पुढे सरकून बसला. इतका वेळ समोर सगळा कचरा होता, आता कुठे लायकीचा कोणी आला होता. त्याने बोटांवर हिशेब केला. नगाऱ्याला डावीकडून, शिंगाड्याला डोंगराआडून, आणि आमिष म्हणून चिमणीला उजवीकडे. तीन पाळ्यांत निळ्या खलास.

रुक्माबाई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी आली. "त्याले मारू नको."

"अक्का, सगळ्यात धोकादायक तोच आहे."

"म्हनूनच म्हनते. तो आपला होतो."

"शत्रू आपला होत नाही, मरतो. हा लढाईचा खेळ आहे, तुझी भिशी नाही." आणि त्याने बटण दाबलं. शिंगाड्याच्या छातीतून उजेड निघाला, निळ्या फुटला, डोंगराएवढी आग पडदाभर पसरली. देवचंदने मान मागे टाकली.

रुक्माबाई वाकली आणि तिने यंत्राचं बटण बंद केलं. पडदा मुंग्यांनी भरला.

आयुष्यात कोणी त्याचा जिंकत आलेला डाव उधळला नव्हता. तो उभाच राहिला. "हा काय मूर्खपणा?"

"सरक," ती म्हणाली. पदराला हात पुसले, मांडी घातली, यंत्र चालू केलं आणि पाचवा डाव पुन्हा सुरुवातीपासून लावला.

देवचंद मागे खुर्चीत बसला. जाण्याऐवजी बसला, कारण ती कशी हरते ते त्याला बघायचं होतं. तिने चिमणीला पुढे काढलं. एकटीला. मैदान ओलांडून, सरळ निळ्याच्या दिशेने.

"मरेल," देवचंद म्हणाला.

निळ्याने मारलं. चिमणीची ताकद निम्म्याच्या खाली गेली. रुक्माबाईने नगाऱ्याला मागे ठेवलं, शिंगाड्याला तर हलवलंच नाही.

"आता एक फटका. गणित आहे हे, अक्का. पुढच्या पाळीत..."

"चूप बस."

पुढच्या पाळीत निळ्याने पुन्हा मारलं आणि नेम चुकला. देवचंद म्हणाला, "नशीब." रुक्माबाईने चिमणीला त्याच्या अगदी शेजारच्या चौकटीत नेऊन उभं केलं. मारायचं, सरकायचं, थांबायचं अशा तीन ओळी नेहमी उमटायच्या. आता चौथी उमटली. तिने ती निवडली. कोणी कोणाला मारलं नाही. पडद्याच्या खाली दोन चेहरे आले, एक मुलीचा, एक तरुणाचा, आणि जपानी अक्षरं एकामागून एक उमटत राहिली. मुलगी बोलायची, तो बोलायचा, पुन्हा मुलगी. संगीत बदललं. मग निळ्याचा रंग होता तोच राहिला, पण तो वळला आणि आपल्या बाजूने उभा राहिला.

"काय बोलले ते?" देवचंदने विचारलं.

"मले काय माहीत? पण दर टायमाले येवढंच बोलतात आन तो येतो."

"लीलाधरने दाखवलं असेल."

"त्यालेही ठाऊक नव्हतं. तो तर तुह्यासारखाच मारायचा त्याले. तो गेल्यावर माह्या हातून चुकून चिमणी शेजारी जाऊन पडली, तेव्हा कळलं. फोनवर सांगितलं त्याले, तर खूप हसला." तिने डबी खाली ठेवली. "आन तेविसाव्यात ती मधी का ठेवली होती ते इचारायचं होतं आधी. तिले मारलं का निळ्या निघून जातो."

"योगायोगाने सापडलेल्या गोष्टीला डोकं लागत नाही," देवचंद म्हणाला.

रुक्माबाई वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. बाजारात नासकं वांगं हातात आलं की ती जसं बघायची, बाजूला ठेवायच्या आधी, तसं तिने भावाकडे पाहिलं.

"परवा तू धरणगाववाल्याकडून हरला, ते तुह्या दाजींनी पेपरात वाचलं. तुह्या नजरेस पडायच्या आधी त्यांनी पेपर घडी करून माळ्यावर टाकला. तुले वाईट वाटू नये म्हनून. आम्ही बोललो का काही? तू आल्यापासून एक शब्द सरळ नही तुह्या तोंडात. माहे बावीस डाव घालवले आन चुकलं म्हनायले तुही जीभ वळली नही."

देवचंदच्या तोंडात उत्तर तयार होतं. पेपरवाल्यांना बुद्धिबळ कळत नाही, झिपरूचं ते नशीब होतं, आणि डोकंही दुखत होतं. पण खुर्ची पुढे ओढून त्याने सहावा डाव पाहिला, मग सातवा. सातव्यात एका ठिकाणी त्याने "तिजोड्या मागे घे" म्हटलं. तिने ऐकलं नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

तो आणखी एक दिवस राहिला. का, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. डबी त्याला परत मिळाली नाही. निघताना बॅग खांद्याला लावून तो दारात उभा राहिला. चुकलं असं म्हणायचं त्याने रात्रीच ठरवलं होतं.

"भिकार खेळ आहे, अक्का," तो म्हणाला.

"हो," पडद्यावरची नजर न काढता रुक्माबाई म्हणाली. "बस चुकंन तुही."

एप्रिलात, आखाजीच्या सणाच्या सुमारास आधारचं पोस्टकार्ड धुळ्याला आलं. रुक्माने खेळ संपवला, लीलाधर पुढचा भाग पाठवतोय, केळीला भाव बरा आहे. देवचंदने ते स्टाफरूममध्ये वाचलं. भौतिकशास्त्राच्या रतिलाल शहांनी सहज विचारलं, कसला खेळ. "अहो, जपानी पोरखेळ," देवचंद म्हणाला, "लोखंडी बाहुल्यांची जत्रा, अक्कल नावाला नाही." मग तो खडू घेऊन फळ्याकडे गेला, चौकटी आखल्या, शिंगाड्या कुठे, नगारा कुठे, तिजोड्याची ताकद किती, हे सगळं नावानिशी मांडून अर्धा तास त्या खेळाची टर उडवत राहिला. तासाची घंटा झाली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं.